गेटची फाईल आढळून येत नाही

१

सरकारी कचेरीत फाईल हरवत नाही, ती 'आढळून येत नाही'. हरवली म्हटलं तर ती कुणीतरी हरवलेली असते, आणि मग त्या कुणालातरी शोधत बसावं लागतं. आढळून येत नाही म्हटलं की सगळेच सुटले. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याला नक्की बढती मिळाली असणार.

त्या सोमवारी माझ्या टेबलावर हेच वाक्य येऊन पडलं. एका म्हाताऱ्या सुताराने आमच्या पाणी खात्याकडे कालव्याच्या गेटवरच्या अपघाताची चौकशी फाईल मागितली होती. फाईल आढळून येत नाही, सबब अर्ज निकाली, असं आमच्या माहिती अधिकाऱ्याने एका ओळीत कळवून टाकलं. सुतार गप्प बसला नाही. त्याने अपील केलं.

लोकांनी खात्याचे आतले कागद मागितले तर द्यायचे की नाही, हे आधी माहिती अधिकारी ठरवतो. त्याने नाही म्हटलं की माणसं माझ्याकडे येतात. मी अपील अधिकारी. तोंडावर मॅडम, पाठीमागे अपीलबाई. आपल्याच लोकांच्या चुका काढायचं काम, त्यामुळे माझी खोली कॉरिडॉरच्या अगदी टोकाला आणि डबा खायला मला कुणी बोलावत नाही. सुरुवातीला वाईट वाटायचं. आता मी खिडकीशी बोलते. ती उलट उत्तर देत नाही, म्हणून आमचं बरं जमतं. घरीही तसंच, एक ताट आणि एक वाटी.

सुतारकाका आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. बसता बसता त्यांनी माझं टेबल हलवून पाहिलं.

"पाय सैल झालाय, ताई. पाचर मारायला हवी."

"टेबल माझ्यासारखंच आहे, काका. निवृत्तीपर्यंत टिकलं म्हणजे झालं. तुम्ही फाईलचं सांगा."

त्यांना एकच गोष्ट हवी होती. त्यांचा मुलगा कालव्याच्या गेटवर कामाला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी नदी अचानक चढली, गेट वेळेवर खाली आलं नाही आणि खालच्या गल्लीत पाणी शिरलं. गल्लीतली माणसं वाचली, सामान गेलं. मेला तो एकटा गेटवाला. कालव्यात खूप खाली सापडला. चौकशीचा निष्कर्ष खात्याने फलकावर लावला होता: गेटवाला विनापरवानगी गैरहजर.

"गल्लीने मला काम देणं बंद केलं," काका म्हणाले. "तेही चालेल. पण माझा मुलगा जागा सोडून गेला होता का, हे मला त्या फाईलीत बघायचंय. तो गेला नव्हता. मला माहीत आहे."

"कसं माहीत?"

"त्या संध्याकाळी मीच त्याला फोन केला होता. छातीत धडधडत होतं, घरात एकटा, घाबरलो. म्हटलं, येऊन जा रे. तो म्हणाला, साहेबांना विचारून बघतो." काकांनी तळहात टेबलावर पालथे ठेवले. "आणि तो आला नाही. म्हणजे गेटवरच होता ना? बाप हाका मारतोय तरी त्याने जागा सोडली नाही. अशा पोराला हे गैरहजर म्हणतात."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मग आवाज खाली गेला.

"खोटं कशाला बोलू, तेव्हा मला राग आला होता त्याचा. एवढं बोलावलं आणि आला नाही म्हणून. नंतर कळलं, तो गेलाच. पण तो राग काही पूर्ण जात नाही, ताई. कुठे ठेवायचा तेच कळत नाही."

"घरी आणखी कोण?"

"सून होती. नर्स आहे. मुलीसारखी बघायची मला. मग हळूहळू यायची बंद झाली. तिचं तरी काय चुकलं? मेलेल्या नवऱ्याच्या बापाला जन्मभर कोण सांभाळतं?"

ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"फाईल कुणी मुद्दाम लपवली असेल तर?"

"तर मी शोधीन."

मी हे बोलून बसले, आणि काकांची काठी जिन्यावर वाजत असतानाच टेबलावरचा फोन खणखणला. वरच्या मजल्यावरून मोठे साहेब स्वतः बोलत होते.

"ते गेटचं अपील आलंय ना तुमच्याकडे? फेटाळून टाका. आढळत नाही म्हणजे नाही."

अपील आलंय हे त्यांना कुणी सांगितलं, ते मी विचारायच्या आत फोन बंद झाला.

२

माहिती अधिकारी हा खिशाला तीन पेनं लावणारा तरुण माणूस. वर्षभरापूर्वीच बदलून आलेला. मी बोलावलं तेव्हा तो एक बंद पाकीट घेऊन आला.

"हे आजचं, मॅडम. कपाटात ठेवू?"

मी मान हलवली. आमच्याकडे पद्धतच आहे. जी पानं द्यायची नाहीत ती अर्जदाराच्या नावाने पाकिटात सीलबंद होतात आणि माझ्या कपाटात येऊन पडतात. अर्जदाराने अपील केलं तर मी पाकीट उघडते. नाही केलं तर ते तसंच राहतं. मला उगाच उघडायचा अधिकार नाही, आणि खरं सांगायचं तर हौसही नाही.

"मोठ्या साहेबांना तुम्ही सांगितलंत, गेटचं अपील आलंय म्हणून?"

"हो, मॅडम. त्यांचं नाव आहे त्या प्रकरणात. तेव्हा ते पाळी अधिकारी होते ना, गेटवाल्यांच्या ड्युट्या लावायचे. सांगितलं नसतं तर मला ओरडले असते."

"आणि फाईल?"

"मी यायच्या आधीपासून जागेवर नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं."

"बरं?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. खोलीत आम्ही दोघंच होतो, पण कचेरीत राहून ही सवय लागते.

"फाईल सापडली असती तर ठरवावं लागलं असतं. पान न् पान वाचायचं, कुठलं द्यायचं, कुठल्यावर काळी पट्टी मारायची, कुणाची हरकत मागवायची. दिलं तर साहेब रागावणार, नाही दिलं तर तुम्ही. आढळत नाही म्हटलं की माणूस मोकळा. आणि टिपण्या तर द्यायच्याच नाहीत, आधीच्या साहेबांनी तशी पद्धत घालून दिलीये. आधी टिपण्या काढायच्या, मग फाईल दाखवायची."

न जाणणाऱ्यासाठी सांगते. आमच्या फाईलीला दोन बाजू असतात. उजवीकडे पत्रव्यवहार, जबाब, अहवाल. डावीकडे टिपण्या, म्हणजे आम्ही आपापसात एकमेकांना लिहिलेलं. उजवी बाजू पाहुण्यांसाठी, डावी घरच्यांसाठी.

आळशी आहे, पण चोर नाही, असा मी त्याच्याबद्दल निकाल दिला. ज्याला फाईल बघायचाही कंटाळा, तो ती लपवायचे कष्ट कशाला घेईल?

मग मी रेकॉर्ड रूममध्ये उतरले. आणि तिथे, जे असायला हवं होतं तेच नव्हतं.

३

रेकॉर्ड रूम तळघरात. तिथले दप्तरी, सगळ्यांचे दप्तरभाऊ, एका मांजरासोबत राहतात असं म्हटलं तरी चालेल. माणसं खाली येत नाहीत, म्हणून त्यांनी मांजर ठेवलं. मला हे समजण्यासारखं होतं. माझ्याकडे निदान खिडकी आहे.

"शोधून शोधून थकलो, मॅडम," भाऊ म्हणाले. "नाहीच."

"जागा तरी दाखवा."

त्यांनी रॅक दाखवला. आमच्याकडे फाईल बाहेर गेली की तिच्या जागी लाल रंगाची फळी ठेवतात आणि फळीवर नेणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवतात. रांगेत इकडेतिकडे लाल फळ्या दिसत होत्या. गेटच्या फाईलीच्या ठिकाणी मात्र फळी नव्हती. फटही नव्हती. आधीची फाईल आणि नंतरची फाईल खेटून उभ्या होत्या. दोन्हींच्या डोक्यावर धूळही एकसारखी होती.

"कुणी नेली असेल?"

"आता काय सांगणार? साहेब लोक येतात जातात." भाऊंनी मांजराला उगाच उचललं आणि पुन्हा त्याच्या पेटीत ठेवलं. "म्हातारा फार रडला का हो तुमच्यासमोर?"

"नाही. ताठ माणूस आहे."

"एकटाच आला होता? सून नव्हती बरोबर?"

"नाही, एकटेच होते," मी म्हटलं आणि जिना चढू लागले.

अर्ध्या जिन्यावर माझे पाय थांबले. काकांच्या अर्जात सुनेचा शब्दही नव्हता. सून आहे हे काकांनी मला सांगितलं होतं, माझ्या खोलीत, दार लावून. मग तळघरातल्या माणसाला ती कुठून माहीत?

मी वळणार तेवढ्यात वरून निरोप आला. मोठ्या साहेबांनी ताबडतोब बोलावलं होतं.

४

मोठ्या साहेबांच्या जिभेवर कायम साखर. रागावतानाही ते आपल्याला चहा पाजतात.

"तुम्ही म्हणे रॅक तपासत फिरताय. या वयात कशाला दगदग?"

"सवय आहे, साहेब. तुम्ही तेव्हा पाळी अधिकारी होता ना?"

"होतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "फार वाईट झालं. गुणी पोरगा. बापाने बोलावलं म्हणून जागा सोडून निघाला आणि जीव गमावून बसला."

माझा कप ओठांशीच राहिला. काका सांगत होते, तो गेटवरच होता. साहेब सांगत होते, तो निघाला होता.

"तो निघाला होता? नक्की?"

"साक्षीदार आहे ना. सगळं चौकशीत आलंय. आता तुम्हीच सांगा, तुझ्यामुळे तो जागेवरून हलला, हे त्या बापाला कागदावर देऊन कुणाचं भलं होणार? झाकली मूठ सव्वा लाखाची." ते पुढे वाकले. "तरी तुमचा आग्रहच असेल आणि फाईल सापडली, तर माझी हरकत नाही. खुशाल द्या. टिपण्या तेवढ्या काढून घ्या."

कॉरिडॉरमधून परत येताना मी हिशेब मांडत होते. इथवर माझा संशय मोठ्या साहेबांवर होता, आणि खोटं कशाला बोलू, तो माणूस चोर निघाला असता तर मला आवडलं असतं. पण ते तर म्हणत होते, खुशाल द्या. फाईल त्यांच्या बाजूने बोलत होती. आपल्या बाजूचा साक्षीदार कुणी लपवून ठेवतं का?

मग लपवली कुणी? आणि टिपण्यांचं त्यांना एवढं का लागलं होतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला जिन्यातच सुचलं होतं. मी पुन्हा तळघरात गेले.

५

"भाऊ, फाईल द्या."

"मॅडम, मी सांगितलं ना..."

"चोर फाईल उचलतो आणि पळतो. मागे फट राहते. इथे फट बुजवलीये, फाईली सारून रांग सारखी केलीये. चोर कशाला रांग सारखी करेल? ते तुमचे हात आहेत, भाऊ. रांगेतली फट तुम्हाला बघवत नाही. बरं, धूळही सगळीकडे सारखी. म्हणजे हे काकांच्या अर्जानंतर घाईने केलेलं नाही, जुनं आहे. आणि काकांना सून आहे हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे ती इथे येऊन गेलीये."

दप्तरभाऊ स्टुलावर बसले. ते मांजराच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

"तुमच्या आधी त्या खोलीत दुसरे होते, तेव्हाची गोष्ट," ते म्हणाले. "तिने अर्ज केला होता, फाईल बघायला मिळावी म्हणून. ड्युटीवरून सरळ आली होती, नर्सच्याच कपड्यांत. मला हुकूम आला, टिपण्या काढून घे आणि बाकीची दाखव. मी दाखवली. त्या खुर्चीवर बसून वाचत होती. एका पानावर थांबली. रडली असती तर मी पाणी दिलं असतं. नुसती बसून राहिली, मॅडम. मग म्हणाली, भाऊ, माझे सासरे एक दिवस हे मागायला येतील. त्यांच्या हातात पडू देऊ नका, ते जगणार नाहीत."

"आणि अर्ज?"

"मागे घेतला तिने तिथेच. मी फाईल परत जागेवर ठेवायची, ती ठेवली नाही. एवढंच केलं मी."

"एवढंच?" मी म्हटलं. "भाऊ, तो माणूस इतकी वर्षं दारं ठोठावतोय."

"मला वाटलं, मी भलं केलं."

त्यांनी मांजराला उचललं. पेटीतलं पोतं सारलं. खाली फाईल होती. खात्यात याहून सुरक्षित जागा दुसरी नसेल.

मी त्याच खुर्चीवर बसून वाचलं. ते पान शोधावं लागलं नाही. सायकल दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचा जबाब होता. 'गेटवाला घाईघाईने घराच्या दिशेने जाताना दिसला. मी हाक मारली तर बाबांना बरं नाही असे म्हणाला. इतक्यात पुराचा भोंगा वाजला. तो उलट फिरला आणि गेटकडे धावत सुटला.'

म्हणजे मोठे साहेब खरं बोलत होते. काकांचा मुलगा जागेवर नव्हता. काकांनी ज्या एका गोष्टीवर उरलेलं आयुष्य उभं केलं होतं, ती गोष्ट खोटी होती, आणि खोटी ठरवणारा कागद माझ्या मांडीवर होता.

६

त्या दुपारी डबा तसाच राहिला. आमच्या नियमांत कागद नाकारायची पुष्कळ कारणं आहेत. कुणाचं खासगी आयुष्य, चालू तपास, कुणाच्या जिवाला धोका. वाचणाऱ्याला सहन होणार नाही, हे कारण त्यांत नाही. ते असावं असं मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं. आणि हेही वाटलं की मला फोन करून 'येऊन जा' म्हणणारं आता कुणीच उरलेलं नाही. ज्याला कुणी बोलावत नाही, त्याने दुसऱ्याच्या बोलावण्याचा न्याय करायचा, ही एक गंमतच आहे.

मी सुनेला हॉस्पिटलात फोन लावला. काकांनी गेटची फाईल मागितलीये, एवढंच सांगितलं.

"देऊ नका त्यांना," ती म्हणाली. "प्लीज. मी त्यांच्याकडे जायची बंद का झाले, माहीत आहे? ते रोज तेच सांगायचे. माझा पोर जागेवरून हलला नाही, मी बोलावलं तरी हलला नाही. आणि मी समोर बसून हो म्हणायचे. एक दिवस तोंडातून निघून जाईल, याची भीती वाटायला लागली. म्हणून जाणंच सोडलं. त्यांना वाटत असेल, सून सुटली."

"तसंच वाटतं त्यांना."

"वाटू दे. ते वाटलेलं परवडलं."

फोन ठेवला आणि मी फाईल पुन्हा उघडली. उजवी बाजू भरलेली. डावीकडे नुसती दोरी लोंबत होती, कारण टिपण्या काढून घेतलेल्या. परत कुणी जोडल्याच नव्हत्या. सुनेने अर्धी फाईल वाचली होती. भाऊंनी अर्धीच लपवली होती. आणि मीही इतका वेळ त्या अर्ध्या फाईलीवरूनच रडायच्या बेतात होते.

माझ्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलेय. बाहेर जाणाऱ्या कागदावर आमची माणसं जपून लिहितात. आत राहणाऱ्या कागदावर खरं लिहितात, कारण तिथे कुणी बघणार नाही अशी त्यांची खात्री असते. काकांचं वाक्य माझ्या डोक्यात घोळत होतं. 'साहेबांना विचारून बघतो.' त्याने विचारलं असेल तर साहेबांनी काहीतरी उत्तर दिलं असेल. आणि आमच्याकडे साहेब उत्तर देतात तेव्हा टिपणी लिहून स्वतःला सांभाळून घेतात.

टिपण्या गेल्या कुठे? नाकारलेली पानं पाकिटात जातात. पाकिटं...

मी मान वळवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी सगळी कचेरी पालथी घातली होती, आणि ज्या कपाटाला टेकून मी रोज डबा खाते ते कपाट माझ्या पाठीशी उभं होतं. अर्ज सुनेचा, म्हणून पाकीट सुनेच्या नावाने. तिने अर्ज मागे घेतला, अपील केलं नाही, म्हणून ते कुणी उघडलं नाही. आता त्याच पानांसाठी माझ्यापुढे अपील होतं. आता मला अधिकार होता.

पाकीट तळाशी सापडलं. मी सील फोडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग सुनावणीच्या नोटिसा काढल्या. एक काकांना, एक सुनेला, एक मोठ्या साहेबांना.

७

सुनावणीला खोली भरली. माझ्या खोलीत एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. खुर्च्या कमी पडल्या, दप्तरभाऊ दाराशी उभे राहिले, माहिती अधिकारी भिंतीला टेकून. सून सर्वांत शेवटी आली. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि सरकून बाकावर जागा केली. ती बसली, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून.

फाईल कुठे होती आणि का, ते मी आधी सांगितलं. भाऊंनी मान खाली घातली. काका सुनेकडे वळले.

"तू लपवायला सांगितलीस? तू, पोरी?"

"बाबा..."

"तिने तुमच्यासाठी केलं," मी म्हटलं. "पण तिने अर्धंच वाचलं होतं. आता पूर्ण वाचू."

मोठे साहेब उठून उभे राहिले. आज जिभेवरची साखर जरा विरघळली होती.

"माझी हरकत आहे. टिपण्या अंतर्गत असतात. त्यांत माझं नाव आहे."

"तुम्हीच म्हणालात ना, खुशाल द्या, टिपण्या तेवढ्या काढा? तेव्हाच मला कळलं की वाचायच्या त्या टिपण्याच. तुमची हरकत नोंदवली, साहेब, आणि फेटाळली. पगार घेऊन, खात्याच्या कागदावर लिहिलेलं आहे हे. त्यात तुमचं खासगी काही नाही. बसा."

मी वाचलं. आधी सायकलवाल्याचा जबाब, मग टिपण्या. पहिली टिपणी त्या संध्याकाळची, पाळी अधिकाऱ्याच्या सहीची. 'गेटवाल्याचा फोन आला. वडील आजारी असल्याने घरी जाण्यास तोंडी परवानगी दिली. बदली माणूस लगेच पाठवत आहे, त्याची वाट न पाहता निघण्यास सांगितले.' दुसरी, अपघातानंतरची, त्याच हाताची. 'कचेरीतल्या निरोप समारंभाच्या गडबडीत बदली माणूस पाठवण्याचे राहून गेले.' आणि त्याखाली, तेव्हाच्या वरिष्ठाचा शेरा. 'चौकशी अहवालात याचा उल्लेख आवश्यक नाही.'

माहिती अधिकाऱ्याने खिशातलं एक पेन काढलं आणि परत खिशाला लावलं.

"राहून गेलं," मोठे साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "मी रोज... ते खरंच राहून गेलं हो."

"तुमचं राहून गेलं आणि तो गैरहजर झाला," मी म्हटलं. "तो विचारून गेला होता. तुम्ही सांगितलं म्हणून वाट न बघता गेला. आणि भोंगा वाजल्यावर तुमच्या गेटसाठी परत धावला."

सून ओठ दाबून बसली होती. ज्या गोष्टीचं ओझं तिने एकटीने वाहिलं, ती गोष्ट अर्धीच होती, हे तिच्या हळूहळू लक्षात येत होतं. पण तिची नजर काकांवर होती. आम्हा सगळ्यांचीच होती. तुमच्या फोनमुळे तो जागेवरून हलला, हे आता खोलीत उघड्यावर पडलं होतं, आणि ते मी पाडलं होतं.

काका टेबलाच्या सैल पायाकडे बघत होते.

"कुठे दिसला म्हणालात तो?"

"घराच्या रस्त्याला. सायकलवाल्याच्या दुकानापाशी."

"म्हणजे निघाला होता."

"हो, काका."

"घाईत होता?"

"तसंच लिहिलंय."

काकांचा चेहरा हलला. मी पाण्याच्या पेल्याकडे हात नेला, पण ते रडत नव्हते. किंवा रडत होते, पण मला वाटलं होतं तसं नाही.

"मी बोलावलं आणि तो येत होता," ते म्हणाले. मग सुनेकडे वळून, जणू तिला अजून हे माहीतच नाही अशा घाईने, "पोरी, ऐकलंस का? तो येत होता गं."

सुनेने मधली जागा ओलांडली आणि त्यांचा हात धरला.

मी निकाल तिथेच लिहिला. अपील मान्य, संपूर्ण फाईल देण्यात यावी, दोन्ही बाजूंसह. टिपण्यांची नक्कल चौकशी पुन्हा उघडण्यासाठी वर पाठवावी. मोठे साहेब निघून गेले. माझी निवृत्ती आता शांततेत होणार नाही, हे त्यांच्या पाठीवर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"नकला करून देते," मी काकांना म्हटलं. "टिपण्या आधी देऊ का? त्याच महत्त्वाच्या. त्यांनीच त्याचं नाव साफ होईल."

"त्या द्या नंतर, सावकाश," काका म्हणाले. "मला आधी ते सायकलवाल्याचं पान द्या."

दाराशी दप्तरभाऊंनी तोंड फिरवलं. इतकी वर्षं मांजराखाली ठेवलेलं तेच पान होतं.

मी ते त्यांना दिलं. सुनेने त्यांना जिना उतरवला, त्यांच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पान. खुर्च्या रिकाम्या झाल्या. मी डबा उघडला आणि पहिल्यांदाच कपाटाकडे पाठ करून बसले नाही. आत बाकीची पाकिटं होती, सीलबंद, कुणा कुणाच्या नावांची, आणि त्यांतलं एकही मला उघडता येत नव्हतं, कारण कुणी मागितलं नव्हतं.